लिटरला सहा

धानाच्या तणसाच्या ढिगाशेजारी एक डिझेल इंजिन पडलेलं. त्यावर पोतं, पोत्यावर कोंबडी. ती अंड्यांवर बसली आहे, तिला उठवायचं नाही, असं मंगलीबाईचं सांगणं.

*

लाउडस्पीकर: "घड्याळवाले तयार राहा. पुढची जोडी कुरखेड्याची, हाकणार झिंगू. बैल पळायच्या दानीवरून बाया-पोरं बाजूला व्हा. पुन्हा सांगतो, बाजूला व्हा."

*

डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "कार्ब्युरेटर आता कुठं पाहायला मिळतो?" दिव्यानी म्हणाली, "आमच्या घरी."

*

बावीस भागिले साडेचार. चार पॉइंट अठ्ठ्याऐंशी. हे गणित आदेशनं दहावीत असताना वहीच्या शेवटच्या पानावर केलं, आणि तेव्हापासून त्याचं बापाशी पटलं नाही.

*

इंदुताईच्या लग्नात नागभीडपर्यंत मोटारीत अकरा जण बसले. बारावा वामनराव सनईवाला. तो डिकीत, पाय बाहेर सोडून.

*

कुरखेडा रस्ता रुंद झाला तेव्हा किलोमीटरचे दगड उपटले गेले. नवे अजून लागायचे आहेत.

*

पत्रू मडावीच्या अंगणात मोहाचं झाड आहे. त्याच्या आडव्या फांदीला सकाळीच इंजिन उचलायची चेनकप्पी टांगली होती, आणि बरोबर तिच्याखाली, बोनेट उघडून, मोटार उभी होती.

दोनाडकरांच्या घरी बाकीच्या सगळ्या गाड्या. आदेशचा पिकअप गाडी, दिव्यानीची स्कूटी गाडी, पाव्हण्यांची जी काय असेल ती गाडी. मोटार म्हणायचं ते फक्त हिला. अठ्ठावन्न सालची प्लायमाउथ. सतरा फूट लांब. मागं दोन्ही अंगांनी उठलेले पंख, पुढं पांढऱ्या दातांची जाळी, आणि रंग असा हिरवा की लोंबी धरायच्या आधीच्या धानात उभी केली तर दुरून फक्त काच दिसावी. सगळ्या झाडीपट्टीत ही एकच. वडशाच्या मुखरू दोनाडकराची ओळख सांगताना लोक त्याची शेती सांगत नसत, राइस मिल सांगत नसत. मोटारवाला मुखरू, म्हणजे झालं.

दर वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मोहटोल्याला मंडई, म्हणजे जत्रा भरते. दिवसा शंकरपटात बैलजोड्यांच्या शर्यती, संध्याकाळी नाटक. दर वर्षी मुखरू मोटार घेऊन येतो, कारण चाळीस वर्षं मोटारीचं पोट उघडणारा एकच माणूस, तो पत्रू, मोहटोल्याचा. या वर्षी मोटारीबरोबर आदेशही आला होता. त्याच्या पिकअपच्या हौद्यात दोरानं बांधून हे डिझेल इंजिन तर पंधरा दिवस आधीच येऊन पडलं होतं.

"बाबा, एकच सांगा," आदेश म्हणाला. "लिटरले किती देते?"

मुखरू खाटेवर बसला होता. वय त्र्याऐंशी. मोटारीत बसताना घालायचा तो पांढरा शर्ट त्यानं आजही घातला होता, वरच्या गुंडीपर्यंत.

"गॅलनले बावीस."

"गॅलन कुठी राह्यला आता? पंपावर गॅलन मांगाल तं पोट्टे हासतीन."

"हासू दे."

"साडेचार लिटरचा गॅलन. म्हंजे लिटरले पाच बी नाई."

"हे तू म्हणतेस."

"मी नाई म्हणत. गणित म्हणते."

"गणितानं कधी चढावावर बांबूचा ट्रक मागं टाकला नाई," मुखरू म्हणाला आणि पत्रूकडं पाहिलं. पत्रूनं मान खाली घालून पाना पुसला. बाप-लेकाच्या मध्ये पडायचं नाही हे तो स्पार्कप्लग साफ करण्याच्याही आधी शिकला होता.

आदेशचा मुद्दा खोटा नव्हता, आणि हेच त्याचं दुखणं होतं. हिवाळा लागला की वडशात नाटक मंडळ्यांची झुंबड उडते. प्रत्येक मंडळाला हिरोइनला गावच्या वेशीपासून मंडपापर्यंत मिरवत न्यायला ही मोटार पाहिजे असते. लग्नवाल्यांना पाहिजे असते. लोक येतात, पंखांवरून हात फिरवतात, मग पेट्रोल किती पिते ते विचारतात आणि परत जातात. मोटार शेडमध्ये उभी ती उभीच. आदेशला ती उभी पाहवत नव्हती. हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तो फक्त ॲव्हरेज ॲव्हरेज करत राहिला, आणि घरच्यांना वाटलं की याला मोटार आवडत नाही.

"मले तं आदेशचं पटते, बाबा," इंदुताई म्हणाली. ती सगळ्यांत मोठी. भाऊबीजेला नागभीडहून आलेली, आणि माहेरच्या भांडणात आपलं मत पडल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. "सालातून तीनदा निघते. दसऱ्याले, मंडईले, अन् तिसऱ्यांदा निघतानी चालू होत नाई म्हून पोट्टे धकलतात. डिझेल टाकलं तं रोज निघन. मोटार हाये का मूर्ती हाये?"

"इंजिन काढलं तं मोटार नाई राहत, आत्या," दिव्यानी बोनेटमध्ये डोकं घालूनच बोलली. "पंखवाला डबा राहते. त्याच्यापरीस देखावा करा अन् गणपती बसवा आतमंदी."

"तू गप ना. तुह्या बापाशी बोलून राह्यली मी."

"मग इंजिनाशी कोण बोलन?"

नीलिमा, आदेशची बायको, तांदळाच्या पिठाचे वडे थापत होती. पहिला गरम वडा तिनं दिव्यानीच्या हातावर ठेवला. घरात कोण कोणाच्या बाजूनं आहे हे ओळखायला आदेशला एवढं पुरलं.

"पटाच्या जोडीले कोणी विचारते का," मुखरू सावकाश म्हणाला, "का बाबा, किती सरकी-ढेप खाते म्हून? किती सेकंदात आली ते विचारतेत."

"पटाची जोडी सालात चार दिस पळते, बाबा. बाकीचे दिस तिले कोण पोसते?"

"ज्याची असते तो."

पलीकडच्या शेतात पट सुरू होता. दोन मोठ्या आरोळ्यांच्या मध्ये जी शांतता पडते ती पडली. आदेशनं तीच साधली.

"ठीक हाये. बाटली लावू. आज, आत्ता. लिटरले सहा दिलं तं इंजिन राहीन, अन् मी जिंदगीत डिझेलचं नाव काढणार नाई. सहाच्या खाली आलं तं दुपारच्या आंधी पत्रूभाऊ कप्पी लावन."

दिव्यानीनं बोनेटमधून डोकं काढलं. पत्रू पाना पुसायचा थांबला. सहा हा आकडा आदेशनं मोठं मन करून दिला होता. त्याच्या हिशेबानं पाचसुद्धा होत नव्हते.

मुखरूनं विचार केलासुद्धा नाही. "लाव बाटली," तो म्हणाला.

०.०

बाटली लावायची म्हणजे अशी. टाकीकडून येणारी नळी पंपापाशी सोडायची. तिच्या जागी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत मोजून एक लिटर पेट्रोल भरून ती बोनेटच्या आत तारेनं टांगायची. कार्ब्युरेटर आधी कोरडा करून घ्यायचा, नाहीतर जुनं पेट्रोल मोजणीत घुसतं. मग निघायचं, आणि मोटार जिथं मरेल तिथं मीटर वाचायचा.

मीटर तीसेक वर्षं मेलेला होता. आदेश कॉलेजात असताना त्याची तार तुटली, ती दिव्यानीनं या दसऱ्याला नागपूरच्या जुन्या बाजारातून दुसऱ्याच कुठल्या गाडीची तार आणून, कापून, जोडून बसवली. त्या दिवशी आकडे पहिल्यांदा सरकले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं आत बसून पाहिलं होतं.

सुरुवात कुरखेड्याबाहेरच्या तपासणी नाक्यापासून करायची ठरलं, तोंड मोहटोल्याकडं. मोटार मेली तर निदान घराकडं तोंड करून मरेल, असं पत्रूचं म्हणणं. पत्रूची बायको मंगलीबाई सकाळीच कुरखेड्याला तेल-मीठ आणायला गेली होती. ती नाक्यावर टोपली घेऊन उभी, तिलाही आत घेतलं. स्टेअरिंगवर दिव्यानी, कारण मुखरू आबाजीच्या लायसनला डॉक्टरनं सही दिली नव्हती. मध्ये आदेश, मीटर वाचायला. खिडकीशी मुखरू. मागं इंदुताई, नीलिमा, मंगलीबाई आणि इंजिनाचा आवाज ऐकायला खिडकीबाहेर अर्धा झुकलेला पत्रू. सात माणसं, आणि तरी मांडीला मांडी लागली नाही.

दिव्यानीनं मीटरवर बोट टेकवलं. "शेवटचा आकडा शून्यावर. पाहून घ्या पप्पा, मंग म्हणू नका."

"चाल."

तिनं स्टेअरिंगजवळचा गिअर खाली ओढला. मोटार हलली असं कुणाला वाटलं नाही. नाका मागं गेला, एवढंच.

१.३

नवा रस्ता काळा आणि ओला असल्यासारखा. दोन्ही बाजूंना कापलेलं धान कडपांनी पडलेलं, त्यापलीकडं साग, मग नुसतं जंगल. दिव्यानी काटा पंचवीसच्या वर जाऊ देत नव्हती. पायात जोडा नाही. एक्सिलेटरवर पाऊल असं ठेवलेलं की खाली अंडं आहे.

"आवाज कुठी हाये?" इंदुताईनं विचारलं.

"हाच," पत्रू खिडकीतून म्हणाला. "हाच तं आवाज, बाई. सहाही सिलिंडर एकामागं एक चाल्ले. धान कांडतानी दोन बाया मुसळ मारतात ना, एकीचं उठलं का दुसरीचं पडते, तसे. डिझेलमंदी सगळे एकदम भांडतात."

आदेशला हा आवाज पाठ होता. लहानपणी मागच्या सीटवर झोपला की तो पाठीतून अंगात यायचा. पुढं बसायची तेव्हा मुलांना बंदी होती. मागून फक्त बापाचा खांदा आणि त्याच्या वरून हलणारा काटा दिसायचा, आणि तो काटा साठच्या पुढं गेलेला आदेशनं क्वचितच पाहिला. शाळेत इतर पोरं म्हणत, आमच्या मामाची जीप ऐंशीनं जाते. एवढी मोठी मोटार आणि साठ. तिथूनच सगळं सुरू झालं असावं.

२.९

पुढं चढ आला. बांबूचा ट्रक, लादलेला, बांबूंची टोकं रस्त्यावर झाडू मारत चाललेली.

"मागंच रहा," आदेश म्हणाला. "पिकअप नाई हिच्यात. मरणाचा लंबर लागन."

दिव्यानीनं आबाजीकडं पाहिलं. मुखरूनं फक्त हनुवटी उजवीकडं हलवली.

तिनं गिअर बदलला नाही. तिसऱ्यातच पाऊल थोडं दाबलं, आणि मोटारीनं श्वास घेतला असं काहीतरी झालं. आवाज वाढला नाही, जाड झाला. बांबूंची टोकं, ट्रकचं चाक, ट्रकचा दरवाजा, आणि दरवाज्यातून तोंड काढून पाहणारा क्लीनर, सगळं एका रेषेत मागं सरकलं. वर एक मोटारसायकल होती, तीन जण बसलेली. तीही मागं पडली.

"किती होता काटा?" इंदुताईनं पदर सावरत विचारलं.

"तीस," आदेश म्हणाला.

"तीसवर इतकं वारं लागते?"

"मोटार हाये," मुखरू म्हणाला.

आदेशच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते त्यानं मीटरकडं वाकून लपवलं. तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, सात माणसं घेऊन. त्याचा नवा पिकअप इथं दुसऱ्यात टाकावा लागतो, आणि तरी तो ओरडतो.

"मस्त उचलली," नीलिमा मागून हळूच म्हणाली. आदेशनं ऐकलं नसल्यासारखं केलं.

४.६

आधी एक उचकी. मग दुसरी. दिव्यानीनं पाऊल उचललं, पुन्हा ठेवलं, उगाच. मोटार आपल्या वजनानं आणखी थोडी घरंगळली आणि ओढ्यावरच्या एका रपट्याजवळ, पळसाच्या सावलीत, स्वतःहून थांबली. जिथं थांबायचं तिथंच थांबल्यासारखी.

पत्रू उतरला, बोनेट उचललं. बाटली कोरडी.

"वाचा," दिव्यानी म्हणाली. तिनं स्वतः पाहिलं नाही.

आदेशनं वाचलं. पुन्हा वाचलं. "चार पॉइंट सहा."

"थोडंसं पुढं बी असन."

"चार पॉइंट सहा, बेटा."

इंदुताई, जी सकाळपासून डिझेलच्या बाजूनं होती, तिनं खिडकीची काच खालीवर केली. "चढाव होता बापा मधात," ती म्हणाली. "सात माणसं होते. मीच एकटी दोघाईच्या बरोबर हाव. हे काही बराबर नाई झालं, आदेश."

"आता तू तिकडं गेलीस का, बाई?"

"मी कुठीच नाई गेली. मी इथीच बसली हाव."

मुखरू उतरला. त्याला उतरायला वेळ लागला. त्यानं पंखाला धरून मोटारीची अर्धी फेरी घातली, दिव्यानीच्या खिडकीशी आला, हात आत घालून किल्ली काढली आणि पत्रूच्या हातात दिली.

"काढ," तो म्हणाला. "शब्द दिला होता."

बस्स एवढंच. भांडला नाही, बावीस म्हणाला नाही, गॅलन म्हणाला नाही. तीस वर्षं आदेशनं या क्षणाची तयारी केली होती. बाप चिडेल, मग आपण काय बोलू, तेही ठरलं होतं. बाप चिडलाच नाही. पळसाच्या बुंध्याशी जाऊन बसला आणि शर्टाची वरची गुंडी सोडली. आदेशला एकदम वाटलं, ती गुंडी कुणीतरी पुन्हा लावावी.

दिव्यानी स्टेअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होती. रडत नव्हती. तिनं तिच्या हातांनी बसवलेल्या तारेनं तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

पत्रू टाकीची नळी पुन्हा जोडत होता. मंगलीबाई टोपली घेऊन त्याच्याशेजारी उभी राहिली आणि गोंडीत काहीतरी पुटपुटली. पत्रूनं मान हलवली. "हिल्ले, हिल्ले," तो म्हणाला. नाही, नाही. मग मराठीत, दबक्या आवाजात, "आपल्याले काय करायचं हाये? त्याईचा मीटर सांगते ना."

बाकी कुणी ऐकलं नाही. आदेश बोनेटच्या दुसऱ्या बाजूला उभा होता, त्यानं ऐकलं.

"काय म्हणते मंगलीबाई?"

"काही नाई जी," पत्रू म्हणाला.

"सांगा ना."

मंगलीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. "मी म्हणलो, हा बोडीवाला रपटा होय. नाक्यापासून इथवर चार-पाच कसं म्हणता? मी दर बुधवारी बाजाराले चालत जातो. टोपली भरली रायते तं दीड तासाच्या वर लागते इथून."

"अन् येतानी? रिकामी टोपली?"

"येतानी बी तेवढंच. येतानी बाया संगं रायतात, गोठी होतात."

आदेशचं गणित कच्चं कधीच नव्हतं. माणूस तासाला पाच चालतो. मंगलीबाई पाचाहून कमी चालणारी बाई नव्हे, तिच्या मागं चालताना त्याची स्वतःची दमछाक झालेली आहे. दीड तास. म्हणजे साडेसात. साडेसात आणि चार पॉइंट सहा यांच्यात आळसाचा, चढाचा, गोठींचा, कशाचाच हिशेब बसत नव्हता.

मग तीसवरचं वारं आठवलं. तीन माणसांची मोटारसायकल आठवली.

तो उभा राहिला. पत्रू पाहत होता. मंगलीबाई पाहत होती. दोघंही काही बोलणार नव्हते, हे त्याला माहीत होतं. मोबाइलला रेंज नव्हती. रस्त्याला दगड नव्हता. डिझेल इंजिन तिकडं तयार, साखळी तयार, बापाचा शब्द हातात. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

मोटार रोज निघेल. रोज. हिरोइन बसेल, नवरदेव बसेल. बोनेटखाली सगळे एकदम भांडत असतील.

आदेश दरवाजा उघडून आत बसला आणि मीटरवर वाकला. काचेच्या मधोमध, आकड्यांच्या खाली, महाकालीचा स्टिकर होता. नीलिमानं लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात चंद्रपूरच्या यात्रेतून आणला होता. मेलेल्या मीटरला दुसरं काम नाही म्हणून तिथंच लावला, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला त्यावर हळद, कुंकू, चंदन चढत गेलं. आता तिथं बोटभर जाडीची खपली होती. आदेशनं तिच्या कडेला नख लावलं.

"अहो," नीलिमा मागून म्हणाली. "देवीचा हाये तो. हात नका लावू."

"माहीत हाये."

"मंग?"

"मंग माफी मांगतो."

त्यानं नखानं कडा सोडवली, हळूहळू, टाचणीनं काटा काढतात तशी. स्टिकर अख्खा निघाला. तो त्यानं कपाळाला लावला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. काच थुंकीनं पुसली. खाली बारीक पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता.

"दिव्यानी," आदेश म्हणाला. "वाच बरं हे."

तिनं वाचलं. मग स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. आदेशला वाटलं रडते, पण ती हसत होती.

"माइल," ती म्हणाली. "पप्पा, माइल. मी डिप्लोमा घेतला, पप्पा. मी तार घातली हिच्यात. माइल."

"काय झालं?" इंदुताई पुढं वाकली. "कोणी मले सांगन का?"

"मीटर किलोमीटरचा नाई आत्या, मैलाचा हाये. चार पॉइंट सहा मैल. म्हंजे," तिनं हवेत बोटानं गुणाकार केला, "सात पॉइंट चार. लिटरले सात पॉइंट चार."

आदेश उतरून पळसाखाली गेला. बापापुढं उकिडवा बसला. "बाबा, मीटर मैलाचा होय."

मुखरूनं त्याच्याकडं पाहिलं, जणू पोरगं सांगतं आहे की पाणी ओलं असतं. "मंग? मीटरमंदी मैलच रायते."

"तुमाले माहीत होतं?"

"तुले कोणी सांगतलं का किलोमीटर हाये म्हून?"

"मंग आत्ता काऊन नाई बोलले? किल्ली देऊन टाकली तुमी."

"तू वाचून राह्यला होतास," मुखरू म्हणाला. "तू म्हणलं खाली आलं. मले वाटलं, तू पाहून घेतलं असन. लिटर-फिटर मले कुठी समजते? मी गॅलनवाला."

बावीस मैल. भागिले साडेचार. चार पॉइंट अठ्ठ्याऐंशी मैल. आदेशला ते वहीचं शेवटचं पान जसंच्या तसं दिसलं, आणि त्यावर कुठंही मैल हा शब्द नव्हता. उत्तर बरोबर होतं. फक्त ते कशाचं आहे हे त्यानं कधी लिहिलं नव्हतं.

"थांब," मोटारीतून इंदुताईचा आवाज आला. "मंग साठ म्हंजे किती?"

"शहाण्णव," दिव्यानी म्हणाली.

"अन् सत्तर?"

"एकशे बारा."

इंदुताईनं डोकं खिडकीबाहेर काढलं. "माह्या लग्नात ब्रह्मपुरीच्या पुढं काटा सत्तरवर होता. मी सोता पाह्यला. शालू नेसून मी पुढं बसली होती. मले वाटे सत्तर म्हंजे काय, एसटी बी जाते." तिनं बापाकडं बोट केलं. "बाबा, अकरा जणं होते मोटारीत. एकशे बारा?"

"एकच डाव. रस्ता सरळ होता."

"अन् वामनराव डिकीत. पाय बाहेर."

"म्हूनच," पत्रू बोनेट बंद करत म्हणाला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोनाडकरांच्या भांडणात पडला, "नागभीडले उतरल्यावर त्याच्यानं सनईत फुंक मारनं नाई झालं. आपण सगळे म्हणत होतो, दारू पेला असन."

नीलिमा हसली ती थांबेना. मंगलीबाईला किलोमीटर, मैल काही घेणंदेणं नव्हतं, पण वामनरावाला तीही ओळखत होती. मग प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं आणि दिव्यानी एकेकाला गुणून देऊ लागली. गडचिरोलीला तातडीनं नेलेलं वऱ्हाड. वैनगंगेच्या पुलावर हरलेली जीप. त्या जीपची गोष्ट मुखरू दर दिवाळीला सांगे आणि घरात कुणी खरी मानत नसे. आता पळसाखाली बसून सगळ्यांनी ती पुन्हा ऐकली, नव्या आकड्यांनी, आणि कुणी मध्ये बोललं नाही.

आदेश मोटारीशी आला. बोनेटवर तळवा ठेवला. ते तापलेलं होतं, पण हात काढावा इतकं नाही.

"सात पॉइंट चार बी काही लय नाई," तो म्हणाला. कुणीतरी हे म्हणायला हवं होतं.

"डिझेलचं नाव काढणार नाई म्हणलं होतं तुमी," दिव्यानी म्हणाली.

"काढलं का?"

"काढणार होते."

"पत्रूभाऊ," आदेश वळला, "घरी गेलो का कप्पी उतरवून टाका. अन् ते इंजिन असू द्या तिथीच. कोंबडी बसली हाये." मग त्यानं दिव्यानीच्या बाजूचा दरवाजा उघडला. "सरक."

"तुमी चालवान?"

"काऊन? माह्या बापाची नाई का?"

दिव्यानी सरकली. मुखरू पळसाखालून उठला, खिडकीशी आपल्या जागी येऊन बसला, आणि किल्ली पत्रूकडून घेऊन आदेशच्या हातात दिली. आदेशनं ती फिरवली. मोटार पहिल्याच झटक्यात बोलली. मागून पत्रूनं "आता ऐका" म्हटलं आणि सातही जणांनी ऐकलं. मोहटोल्यापर्यंत काटा कितीवर होता हे कुणी विचारलं नाही, आणि आदेशनं ते मैलातच पाहिलं.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात ही मोटार वडशाला आली ती दोन बैलजोड्यांनी ओढत आणली होती, कारण तिच्यात इंजिन नव्हतं. ते चार महिन्यांनी छोट्या लाइनीच्या मालगाडीतून आलं, दुसऱ्याच एका मोटारीतलं, आणि आज वाचलं ते हेच.